न वाचलेला चौथा भाग

माझ्या धाकट्या बहिणीला मी एकदा न वाचलेल्या पुस्तकाची गोष्ट वाचली म्हणून सांगितली, आणि पुढली चाळीस वर्षे ती खोटी आहे हे कोणालाही कळू दिले नाही. ऐकणाऱ्याला हा अपराध किरकोळ वाटेल. मीही स्वतःची तशीच समजूत घालत आलो. पुस्तक म्हणजे पातळ कागदाचे हिंदी कॉमिक होते आणि त्यात मी ज्याला मारले तो माणूस शाईचा होता. पण लहान म्हणून सोडून दिलेले खोटे लहानच राहते असे नाही. हे मला यंदा कळले, आणि ज्या रीतीने कळले त्याचा धक्का अजून ओसरलेला नाही.

त्या काळी तुमसरच्या बसस्थानकाजवळ कॉमिक्स वाचायला देणारे एक दुकान होते. भिंतीला ठोकलेले खिळे, त्यांना बांधलेल्या आडव्या दोऱ्या आणि दोऱ्यांवर कपडे वाळत घालावेत तशी लटकणारी पुस्तके, एवढेच ते दुकान. जुने अंक घरी नेता येत. नवा अंक मात्र तिथल्या बाकावर बसूनच वाचावा लागे. आमचे गाव तिथून सायकलीने पाऊण तासाच्या अंतरावर. मी चौदा वर्षांचा होतो, बहीण अकराची. मुलीने बसस्थानकावरच्या बाकावर बसून वाचावे हे आमच्या घरी कोणाला रुचले नसते. त्यामुळे तिच्या वाट्याला मी आणीन तेवढेच अंक येत. पण वाचत असे ती, मी नुसती पाने उलटत असे.

आमचा आवडता नायक निळा मुखवटा घालून उडत असे. तो मुखवटा त्याच्या थोरल्या भावाने प्रयोगशाळेत तयार केलेला. आम्ही त्यांना 'निळा' आणि 'थोरला' एवढेच म्हणत असू. त्याच प्रकाशनाचे आणखी सहा-सात नायक त्याच शहरात राहत आणि अधूनमधून एखाद्या विशेषांकात एकमेकांना भेटत. बहिणीचा त्रास तिथून सुरू होई. एका अंकात जंगलात हरवलेला नायक त्याच महिन्याच्या दुसऱ्या अंकात घरी जेवत बसलेला दिसे. मला त्याचे काही वाटत नसे. ती मात्र अस्वस्थ होई. आधी काय घडले, नंतर काय, कोण कधी मेले, हे जुळलेच पाहिजे असा तिचा हट्ट होता.

म्हणून तिने पाठकोऱ्या कागदांची एक वही शिवली आणि तीत रकाने आखले: अंक कोणता, त्यात कोण आले, कोण गेले, आधीच्या अंकाशी कुठे जुळत नाही. शेवटचा रकाना होता, 'कोणी वाचले'. त्यात ती प्रत्येक ओळीला 'मी' असे लिही. ऐकीव माहिती ती नोंदवतच नसे.

त्या वर्षी निळ्याची चार भागांची मालिका आली. तिसऱ्या भागाच्या शेवटी प्रयोगशाळा कोसळते आणि थोरला ढिगाऱ्याखाली सापडतो. चौथा भाग दिवाळीनंतर यायचा होता. नेमक्या त्या दिवाळीत बहिणीला टायफॉईड झाला. ताप उतरे, पुन्हा चढे. पेजेशिवाय काही द्यायचे नाही, उठू द्यायचे नाही, असे डॉक्टरांनी बजावलेले. ती मला रोज विचारी, चौथा भाग आला का. शेवटी एका सकाळी आईने मला सायकल दिली आणि म्हणाली, जा, तिचे ते पुस्तक पाहून ये, म्हणजे हिचा जीव शांत होईल.

आमच्या भागात दिवाळीनंतर गावोगाव मंडईची जत्रा भरते. त्या दिवशी वाटेवरच्या गावात मंडई होती. पाळणा, शिंगाडे, पानाची दुकाने आणि भर दुपारी उघड्या मैदानात चाललेली खडी गंमत, म्हणजे आमच्याकडचा तमाशासारखा खेळ. मी क्षणभर थांबावे म्हणून सायकल उभी केली. त्या खेळात दोन भावांची कथा होती. थोरला घायाळ होऊन पडतो, धाकट्याच्या मांडीवर डोके ठेवतो, पाणी मागतो. धाकटा तलावाकडे धावतो आणि ओंजळ भरून परत येईपर्यंत थोरला गेलेला असतो. सोंगाड्याने मघापर्यंत हसवलेले लोक एकदम गप्प झाले. मीही तिथेच खिळून राहिलो. सायकलीवर बसलो तेव्हा ऊन कलले होते. तुमसरला जाऊन परत यायला वेळ उरला नव्हता.

घरी आलो. बहिणीचे डोळे दारालाच लागलेले होते. मी म्हणालो, अंक आला आहे, पण नवा असल्यामुळे दुकानदाराने घरी नेऊ दिला नाही, मी बाकावर बसून वाचून आलो. आणि मग तिच्या खाटेशी बसून मी मंडईतला मृत्यू उचलून कॉमिकमध्ये नेऊन ठेवला. ढिगाऱ्याखालून काढलेला थोरला निळ्याच्या मांडीवर डोके ठेवतो, पाणी मागतो, निळा पाणी आणायला जातो आणि परत येतो तेव्हा उशीर झालेला असतो.

ती ऐकत राहिली. मग तिने विचारले, "त्याले तं उडता येते नं, दादा. मंग उशीर काहून झाला?"

पण खोट्याला अडचणीत भारी बुद्धी सुचते. मी म्हणालो, स्फोटात मुखवटा जळला होता, त्याची शक्ती अर्धीच उरली होती. तिला ते पटले. ती भिंतीकडे तोंड करून रडली. मी शेजारी बसून होतो. त्याच वेळी सांगायला हवे होते. आठवड्याने दुकानात गेलो तर तो अंक कोणीतरी बाकावरूनच पळवला होता. तो पुन्हा कधी आलाही नाही. मला हायसे वाटले, हेही इथे लिहिले पाहिजे.

बरी झाल्यावर तिने वहीत नोंद केली. चौथा भाग, थोरला गेला, निळ्याची शक्ती अर्धी. शेवटच्या रकान्यात तिने लिहिले 'दादा'. साऱ्या वहीत ऐकीव अशी ती एकच नोंद आहे.

पुढे दोनेक वर्षांनी एका विशेषांकात थोरला धडधाकट उभा असलेला दिसला. तो अंक मीच आणला होता. तिने दोन दिवस विचार केला आणि मला निकाल सांगितला: हा थोरला खरा नाही, शत्रूने पाठवलेला बहुरूपी आहे, म्हणून तर एका चित्रात त्याची सावली उलट्या बाजूला पडली आहे. चित्रकाराची घाई तिने माझ्या खोट्याच्या बाजूने साक्षीला उभी केली होती. पुढे निळा एखाद्या लढाईत हरला की ती म्हणे, शक्ती अर्धीच आहे ना. हळूहळू त्या एका नोंदीवर साऱ्या वहीचा भार आला. मग ते प्रकाशन बंद पडले आणि मला वाटले, विषय संपला.

मी पाटबंधारे खात्यात लागलो. गेली कित्येक वर्षे कारध्याच्या पुलाजवळ वैनगंगेची पातळी पाहून ती लिहून ठेवणे हे माझे काम आहे. बहीण जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका झाली आणि पवनी तालुक्यातल्या आसगावी नांदायला गेली. वही सोबत गेली. आमचे जावई, म्हणजे तिचे यजमान, धान पिकवतात, स्वभावाने विनोदी आहेत. सासरवाडीहून आपल्याला आंदणात एक रजिस्टर मिळाले, असे ते लग्नापासून सांगत आले आहेत.

मग, आम्ही दोघेही पन्नाशी ओलांडल्यावर, त्या निळ्यावर सिनेमा आला. भंडाऱ्याच्या टॉकीजमध्ये आम्ही तो बरोबर पाहिला. चाळीस वर्षांपूर्वीची बत्तीस पाने समोर भिंतीएवढी झालेली पाहताना बहीण सुरुवातीला लहान मुलीसारखी हसत होती. मध्यंतरानंतर प्रयोगशाळा कोसळली. ढिगारा हलला, त्यातून एक हात वर आला आणि थोरला उठून उभा राहिला. टॉकीजमध्ये शिट्ट्या वाजल्या. बहीण हसायची थांबली. मी तिच्याकडे पाहायचे टाळले. आता ती मला विचारणार, एवढेच माझ्या डोक्यात घुमत होते.

तिने विचारले नाही. बाहेर चहा घेताना ती शांतपणे म्हणाली की सिनेमावाल्यांना त्यांचा थोरला पुढच्या सिनेमासाठी हवा असेल. त्यांचे जग वेगळे, कॉमिकचे वेगळे. एकाच झाडाच्या दोन फांद्या समजायच्या आणि दोन वह्या ठेवायच्या. मी तत्परतेने मान हलवली आणि वर म्हणालो, सिनेमावाले काय, काहीही बदलतात. चौदाव्या वर्षी मी घाबरून खोटे बोललो होतो. हे दुसरे खोटे मात्र मी पिकल्या केसांनी, चहा पीत पीत बोललो. सिनेमाने माझ्या चुकीला आडोसा दिला आणि मी त्यात निवांत बसलो.

पण सिनेमा फांदीपुरता राहत नाही. दुसऱ्या सिनेमात त्यांनी कॉमिकमध्ये कधीच न भेटलेल्या दोन नायकांना बालमित्र करून टाकले. सिनेमे चालले, तसे ते बंद पडलेले प्रकाशन पुन्हा सुरू झाले आणि जुनी कॉमिक्स नव्या छपाईत बाजारात आली. मुखपृष्ठावर नटाचा चेहरा आणि आत 'मूळ रूपात' असा शिक्का. बहिणीने रद्दीतून जमवलेले आपले जुने अंक काढले, नवे त्यांच्या शेजारी मांडले आणि पानागणिक तपासले. मूळ रूप कुठे राहिले होते? सिनेमातला मुखवटा करडा होता म्हणून नव्या छपाईतला निळाही करडा झाला होता. टेकडीवरची प्रयोगशाळा समुद्रकाठी गेली होती. बोलण्याच्या फुग्यांत नवी वाक्ये घुसवली होती. तिने असे सात फरक पुराव्यासह दाखवून दिले. जुन्या कॉमिक्सच्या वाचकांचा फोनवर एक गट आहे. त्यात ते फरक गेले आणि सगळ्यांनी तिचे कौतुक केले. सिनेमासाठी जुन्या कथेत पाठीमागून हात घातला जातो, हे आसगावच्या एका बाईने पकडले होते. मला तिचा अभिमान वाटला आणि त्याच वेळी भीतीही वाटली, कारण चौथा भाग अजून छापून यायचा होता.

तो आला तेव्हा नदीला पूर होता आणि मी पुलापाशी होतो. तिचा फोन आला. तिचा आवाज मी तसा कधी ऐकला नव्हता.

"दादा, यायनं थोरल्याले जिता करून टाकला. पुरा अंकच बदलून टाकला."

तिने आयुष्यात पहिल्यांदा खरा चौथा भाग वाचला होता, आणि तोच तिला खोटा वाटला होता. सात ठिकाणी ती बरोबर होती, म्हणून आठव्या ठिकाणीही तिला शंका आली नाही. मी म्हणालो, पूर आहे, नंतर बोलू. त्या तासाची पातळी मी दोनदा चुकीची वाचली, तिसऱ्यांदा नीट लिहिली.

दोन दिवसांनी तिने गटात लिहिलेला मजकूर मला पाठवला. तिने लिहिले होते की प्रकाशनाने सिनेमासाठी चौथा भाग नव्याने चितारून घेतला आहे आणि तो मूळ म्हणून विकला जात आहे. जुना चौथा भाग गटात कोणाकडेच उरला नव्हता. त्या अंकाचे वृद्ध चित्रकार, ज्यांना सगळे गुरुजी म्हणतात, ते नागपुरात राहतात आणि त्या गटात आहेत, हे तिला ठाऊक होते. त्यांनी अत्यंत नम्रपणे उत्तर दिले होते: बाई, मुखवट्याचा रंग त्यांनी बदलला हे खरे, त्याचे मलाही दुःख आहे. पण या अंकातली रेघ न् रेघ माझी त्या वेळचीच आहे. थोरल्याचा मृत्यू मी कधी काढलाच नाही. त्याखाली कोणी म्हणाले, गुरुजींनी पैसे घेतले असतील. दुसरा म्हणाला, मास्तरीणबाईंनी स्वप्नात वाचला असेल. त्यावर बहिणीने उत्तर दिले होते:

"माझ्या मोठ्या भावाने तो अंक स्वतःच्या डोळ्यांनी वाचला आहे. माझा भाऊ वैनगंगेची पातळी लिहितो. तो चुकीचे लिहीत नाही."

एका म्हाताऱ्या, प्रामाणिक कलावंताला लोक विकाऊ म्हणत होते, माझ्या बहिणीला वेडी म्हणत होते आणि त्या दोघांमध्ये पुरावा म्हणून मी उभा होतो. मला पळवाट दिसली नाही असे नाही. आता आठवत नाही, एवढे म्हटले असते तरी चालले असते. या वयात कोणी ते खोटे मानले नसते. मी ते वाक्य मनात दोन-तीनदा म्हणूनही पाहिले. ते किती सहज जमते आहे, याचीच मला भीती वाटली.

पूर ओसरल्यावर रजा टाकून मी आसगावला गेलो. धानाची रोपे लावण्याचा रोवणा आटोपला होता, शेताच्या बांध्यांत पाणी उभे होते. जावई ओसरीवर पाय धूत होते. मला पाहताच हसले. "या, साक्षीदार. तुमच्याच तारखेची वाट पाहून राहिलो आमी. तुमची बहीण चार दिवसांपासून भातात मीठ विसरून राहिली."

बहीण हसली नाही. पाणी दिले, तब्येत विचारली आणि लगेच फोन घेऊन समोर बसली. रात्री झोप लागत नाही म्हणाली. शाळेतल्या बाया तोंडावर काही बोलत नाहीत, पण मागे हसतात. तिचे म्हणणे एवढेच होते की मी दोन वाक्ये माझ्या आवाजात बोलावीत, ते बोलणे ती गटात पाठवेल, म्हणजे विषय संपेल. तिने फोन माझ्या तोंडाजवळ धरला आणि बटणावर अंगठा दाबला.

मी तिचा अंगठा हलकेच बाजूला केला. म्हणालो, आधी तुला एकटीला सांगायचे आहे. जावई उठून जायला निघाले. मी त्यांना थांबवले, कारण घरात चार दिवस त्यांनीही अळणी भात खाल्ला होता. मग मी सांगितले. मंडई, खडी गंमत, तलावाचे पाणी, बाकावर न बसणे, सगळे. आवाज माझा मुळातच लहान, त्या दिवशी तो इतका खाली गेला की तिला पुढे वाकून ऐकावे लागले.

तिच्या चेहऱ्यावर राग येईल अशी माझी तयारी होती. तो आला नाही. तिच्या चेहऱ्यावर नुसते आश्चर्य होते, घरातली भिंत बाजूला सरकलेली पाहावी तसे. मला वाटले ती वहीचे विचारेल, चित्रकाराचे विचारेल.

"म्हणजे मी बिमार होती," ती म्हणाली, "अन् तू मंडईत होता."

मी होय म्हणालो.

"तो मेला म्हणून मी रडली होती. तू बाजूले बसून होता."

त्यालाही होयच म्हणालो. जावई अंगणाकडे पाहत होते. त्यांना एकही विनोद सुचला नाही. तिने विचारले की टॉकीजबाहेर चहा पिताना तरी का बोलला नाहीस. मी घाबरट आहे, एवढेच म्हणालो. ती म्हणाली, मी त्या माणसाला खोटारडा ठरवले. चित्रे काढता काढता ज्याचे डोळे गेले असतील त्याला मी चारचौघांत खोटारडा ठरवले, तुझ्या भरवशावर. इतके बोलून तिने डोळ्यांना पदर लावला. चाळीस वर्षांत मी तिला दुसऱ्यांदा रडवले होते.

मग तिने डोळे पुसले आणि फोन माझ्यासमोर ठेवला. या वेळी स्वतः धरला नाही. "हे तू सांगशील," ती म्हणाली, "माह्या तोंडून नाही."

मी बटण दाबले. चाळीस वर्षे खाली मान घालून काढली होती, म्हणून मान वर करून तिच्याकडे पाहत बोललो, जरा मोठ्याने, ओसरीपर्यंत ऐकू जाईल इतके:

"गुरुजी, मी या बाईंचा मोठा भाऊ बोलतो. चौथा भाग मी वाचला नव्हता. थोरल्याचा मृत्यू मी मंडईत पाहिलेल्या खेळातून घेतला आणि आजारी बहिणीला अंकातला म्हणून सांगितला. तुमची एकही रेघ खोटी नाही. माझ्या बहिणीने खोटे लिहिले नाही, तिने माझ्यावर विश्वास ठेवला. ज्यांनी तुम्हाला नावे ठेवली त्यांनी ती मला ठेवावीत. गुरुजी, मला क्षमा करा. अन् बाई, तू इथंच बसून हायेस म्हणून तुले तोंडावर सांगतो. तू खाटेवर वाट पाहत होतीस अन् मी तुले फसवलं. मोठा झाल्यावरही फसवतच राहिलो. माह्यं चुकलं. मले माफ कर."